आवाज कुठला, आजार कुठला?

रात्री घरावरून टिटवी ओरडत गेली की आपल्यापैकी कितीजणी अंथरुणात उठून बसतात, खरं सांगा! दुसऱ्या दिवशी घरात कुणाला ताप आला, तर 'तरी म्हटलं, काल ती मेली ओरडतच होती,' असं कुणीतरी म्हणतंच. आपल्या गोंदिया जिल्ह्यात तलाव मुबलक आणि जंगलही जवळ. त्यामुळे रात्रीच्या आवाजांना तोटा नाही. टिटवी झाली, पिंगळा झाला, रडणारं कुत्रं झालं. आजाराचं कारण कळलं नाही की त्याचं खापर यांच्यावर फुटतं.

तुम्ही म्हणाल, हे खेड्यापाड्यांतलं. शिकलेली माणसं असं करत नाहीत. तर मैत्रिणींनो, ही हकिगत ऐका.

क्यूबा देशाची राजधानी हवाना. २०१६ च्या अखेरीस तिथल्या अमेरिकन वकिलातीतल्या काही लोकांना घरात विचित्र, कर्कश आवाज ऐकू येऊ लागला. पाठोपाठ डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, कानात सतत गुणगुण. २०१७ साली बातमी फुटली आणि तर्कांना ऊत आला. कुणी म्हणालं, शत्रूनं आवाजाचं गुप्त शस्त्र चालवलं. कुणी म्हणालं, अदृश्य लहरी सोडल्या. आजाराला 'हवाना सिंड्रोम' असं नावही पडलं. पुढे चीनमधून, युरोपातून तशाच तक्रारी आल्या. २०२१ साली अमेरिकन गुप्तहेर खात्याच्या प्रमुखांबरोबर भारतात आलेल्या एका अधिकाऱ्यालाही हा त्रास झाल्याचं वर्तमानपत्रांत आलं.

त्या आवाजाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध होतं. अलेक्झांडर स्टब्ज आणि फर्नांडो माँटेलेग्रे-झपाटा या दोन शास्त्रज्ञांनी ते बारकाईनं तपासलं आणि २०१९ च्या जानेवारीत सांगितलं, की हा तर रातकिडा! त्या भागात आढळणाऱ्या एका जातीच्या रातकिड्याचा आवाज खोलीत भिंतींवर आपटून घुमला, की अगदी तसाच ऐकू येतो.

त्या ध्वनिमुद्रणाचा असा उलगडा झाला, आजाराचा मात्र पुरता झाला नाही. २०२० साली तिथल्या तज्ज्ञांच्या एका समितीनं काही रुग्णांच्या बाबतीत रेडिओलहरींची शक्यता सांगितली. २०२३ साली गुप्तहेर खात्यांपैकी बहुतेकांनी परक्या देशाचा हात असणं फारच असंभव मानलं. २०२५ मध्ये दोन खात्यांनी शक्यतेचं दार थोडं किलकिलं ठेवलं. २०२४ साली मेंदूच्या तपासण्यांचे निष्कर्ष आले, त्यांत ठळक इजा दिसली नाही. पण त्याच डॉक्टरांनी बजावलं, की या माणसांचा त्रास खरा आहे.

मला हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. कारण घरोघरी दोन चुका होतात. एक म्हणजे, 'त्या आवाजानंच झालं' असं ठरवून मोकळं होणं. दुसरी म्हणजे, 'तिला भास होतात, कामाचा कंटाळा आहे' असं म्हणून दुखणाऱ्या बाईला गप्प बसवणं. पहिलीमुळे आजार अंगावर निघतो, आणि दुसरीमुळेही!

भीतीनंसुद्धा शरीर दुखतं बरं का. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात ५४ जणांवर एक प्रयोग झाला. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं आजार होतात, अशी फीत काहींना आधी दाखवली. मग एकदा खरा आवाज लावला, एकदा नुसतंच 'लावलाय' म्हणून सांगितलं. फीत पाहिलेल्यांनी दोन्ही वेळा त्रास वाढल्याचं सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते. धास्तीनंच त्यांचं अंग बिघडलं होतं.

आता आपल्याकडचं पाहा. रातकिडे, बेडूक यांचा गोंगाट सर्वांत जास्त कधी? पावसाळ्यात. डास, हिवताप आणि साप कधी? तेव्हाच. आवाज आणि आजार एकाच ऋतूची लेकरं. एकानं दुसऱ्याला जन्म दिलेला नाही. टिटवी जमिनीवर अंडी घालते, कुणी जवळ आलं की कालवा करते. पिंगळा उंदीर-किडे खातो. त्यांना आपल्या घरातल्या तापाचं काय ठाऊक!

म्हणून काही गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा.

थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

मुलाचे सांधे-हाडं वारंवार दुखत असतील, डोळे पिवळसर दिसत असतील, तर सिकलसेलची तपासणी करा. पूर्व विदर्भात हा आजार बराच आढळतो.

जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात पहाटे अचानक कळ आली, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, गिळता येईना, तर मण्यार चावल्याची शंका घ्या. तिच्या दंशाला सूज जवळजवळ नसते, खूणही पुष्कळदा दिसत नाही. अशा वेळी 'रात्री काय ओरडलं' याची चर्चा नको. १०८ ला फोन करा. गोंदियाला २०१६ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. साप चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि झोपायला खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी असली, तर डास आणि साप या दोहोंपासून बचाव होतो.

दुखणं कळेनासं असेल तर एक वही करा. कधी सुरू झालं, किती वेळ राहिलं, काय खाल्लं होतं, पाळी कधीची, झोप किती झाली, हे लिहून डॉक्टरांना दाखवा. आवाज ऐकू येत असेल तर तोही लिहा, लाजू नका. कानात सतत गुणगुण असेल तर कान आणि रक्तदाबही तपासून घ्यावा.

शेवटचं एक. आवाजावर फोडलेलं खापर तिथंच थांबत नाही. 'कुणी केलं?' असं विचारत ते गल्लीतल्या एखाद्या एकट्या, म्हाताऱ्या बाईच्या दारात जातं, आणि करणीचा आळ तिच्यावर येतो. नळावर, भिशीत, हळदीकुंकवात अशी कुजबुज कानी आली, तर ती पुढे नेऊ नका. 'आधी रक्त तपासलंत का?' एवढंच विचारा. त्या एका प्रश्नानं आजाऱ्याचाही जीव वाचेल आणि त्या म्हातारीचाही.