न वापरलेल्या तिकिटाचे पैसे कोणाचे?

विमानाच्या तिकिटाचा प्रश्न कामगार चळवळीतील माणसाने हाती का घ्यावा, असे कोणी विचारील. विमान ही श्रीमंतांची वस्तू आहे असे आम्हीही पुष्कळ वर्षे मानीत होतो. पण आज रत्नागिरी-रायगडकडचा गवंडी किंवा वेल्डर आखातात जातो तो विमानाने, आणि घरी आई आजारी पडली म्हणजे परत येतो तोही विमानानेच. तिकीट काढताना त्याच्यापुढे दोन भाव असतात. एक स्वस्त, त्याचे पैसे परत मिळत नाहीत. दुसरा महाग, त्याची तारीख बदलता येते. तो अर्थातच स्वस्त घेतो. रजा मात्र त्याच्या हातात नसते.

आमच्यावर हा प्रसंग आला तो असा. दिल्लीस एका वाटाघाटीसाठी संघटनेची चार माणसे जावयाची होती. आगगाडीत जागा मिळेना म्हणून विमानाची तिकिटे काढली, माणशी ४,६०० रुपयांना. आदल्या दिवशी मालकपक्षाने तारीख पुढे ढकलून घेतली. विमानकंपनीकडे चौकशी केली तेव्हा कळले की, तारीख बदलण्याचे माणशी ३,००० रुपये पडतील, शिवाय नव्या तारखेच्या भाड्यातला फरक वेगळा. आणि तिकिटे रद्द केली तर भाडे बुडाले. शेवटी रद्दच केली. पुढे कार्यकारिणीत खजिनदारांनी हिशेब मांडला तेव्हा लेथवर काम करणारा एक सभासद उठून म्हणाला, "भाऊ, आपण गेलोच नाही, तर मग त्या चार खुर्च्यांवर कोण बसलं?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या दिवशी देता आले नाही. पुढे वाचून, विचारून जे समजले ते येथे मांडीत आहोत.

आधी कंपनीची बाजू ऐकून घेऊ. वाटाघाटीचा तो पहिला नियम आहे. विमानातली खुर्ची हा नाशवंत माल आहे. मंडईतली मेथी संध्याकाळी निम्म्या भावात तरी जाते. विमान सुटल्यावर रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. यात आम्हांला नवल वाटत नाही. न विकला गेलेला आजचा दिवस उद्या विकता येत नाही, हे मजुराइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? म्हणून काही खुर्च्या आधीच स्वस्तात देऊन टाकाव्यात हे ठीक. पण किती? १९७२ साली ब्रिटनच्या बी.ओ.ए.सी. या विमानकंपनीतील केन लिटलवुड यांनी याचे एक साधे गणित मांडले. समजा, स्वस्त भाडे ४,००० आणि पुरे भाडे १०,००० आहे. एखाद्या खुर्चीला शेवटच्या घटकेला पुरे भाडे देणारे गिऱ्हाईक मिळण्याचा संभव शेकडा ४० हून कमी असेल, तर ती आजच स्वस्तात विकावी. अधिक असेल, तर राखून ठेवावी. आजची भाडेपद्धती कितीही गुंतागुंतीची झाली तरी तिच्या मुळाशी हे गणित आहे.

आता अडचण अशी की, पुरे भाडे देऊ शकणारा व्यापारी स्वस्त तिकीट घेऊ लागला तर गणितच कोसळते. म्हणून स्वस्त तिकिटाभोवती अटींचे कुंपण घालावे लागते. अमेरिकन एअरलाइन्सने १९७७ साली 'सुपर सेव्हर' नावाची स्वस्त भाडी काढली तेव्हा, तिकीट बरेच दिवस आधी घ्यावे, गेल्या ठिकाणी काही दिवस राहावे, असल्या अटी घातल्या होत्या. पुढच्याच वर्षी त्या देशात विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठविण्याचा कायदा झाला, चढाओढ वाढली, आणि 'पैसे परत नाहीत' ही अट कुंपणाची मुख्य तार होऊन बसली. कामाचा बेत ऐनवेळी बदलणाऱ्या व्यापाऱ्याला अडविण्यासाठी ती होती. पण तारेला माणूस ओळखता येत नाही. बेत ऐनवेळी बदलणे ज्याला भाग पडते असा दुसरा माणूस म्हणजे रजेसाठी मुकादमाच्या तोंडाकडे पाहणारा कामगार. व्यापाऱ्याचा भुर्दंड पेढीच्या खर्चात जातो. कामगाराचा त्याच्या खिशातून.

इतके मान्य करूनही सभासदाचा प्रश्न उरतोच. आमच्या चार खुर्च्यांचे दोनच प्रकार संभवतात. एक, त्या रिकाम्या गेल्या. मग कंपनीचे नुकसान झाले म्हणावे, तर भाडे आम्ही भरलेलेच होते. दुसरा, त्या पुन्हा विकल्या गेल्या, आणि आदल्या दिवशीचा भाव चढा असतो म्हणून बहुधा आमच्यापेक्षा अधिक भावाने गेल्या. तेव्हा एका खुर्चीचे भाडे दोनदा मिळाले. महिनाभर आधी तारीख बदलणारा कंपनीला विकण्यासाठी महिना देतो; आदल्या रात्री बदलणारा काहीच देत नाही. दोघांना जवळपास सारखाच आकार लावला तर त्याला नुकसानभरपाई कशी म्हणावी? भाड्यातला फरक आम्ही समजू शकतो, कारण नवी खुर्ची महाग आहे. पण त्यावर जे तीन हजार घेतात, तो दंड आहे.

दंडाचा विषय आमच्या घरचा आहे. आमचे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. कापडात दोष निघाला की तो तागा साचेवाल्याच्याच गळ्यात मारायचा आणि किंमत पगारातून कापायची, अशी तेव्हाची रीत होती. आमच्या घरी असल्या कापडाची एक चादर पुष्कळ वर्षे होती. सूत वाईट होते की साचा, हे कोणी पाहत नसे. १९३६ च्या वेतन कायद्याने दंडाला पहिल्यांदा वेसण घातली. कोणत्या कृत्याला दंड, हे सरकारच्या मंजुरीने ठरवून लोकांना दिसेल असे लावले पाहिजे. दंड रुपयास अर्ध्या आण्याहून अधिक नको. त्याची नोंद वहीत झाली पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो पैसा मालकाचा नव्हे, कामगारांच्याच हिताच्या कामी खर्च झाला पाहिजे. दंडातून मालकाला फायदा होऊ लागला की चुका शोधण्याचा धंदा सुरू होतो, हे त्या कायद्याने ओळखले. आणे गेले, शेकडा तीनची मर्यादा आली. २०१९ च्या वेतन संहितेतही हे तत्त्व कायम आहे.

विमानाच्या दंडाला हे माप लावून पाहू. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मर्यादा घातली ती अशी की, रद्द करण्याचा आकार मूळ भाडे व इंधन अधिभार यांहून अधिक असू नये. म्हणजे मर्यादा कोणती, तर सगळेच भाडे! अर्ध्या आण्याची मर्यादा कोठे आणि सोळा आण्यांची कोठे? आणि पैसा जातो कोणाकडे? दंड करणाराकडेच. अमेरिकेतील कंपन्यांनी नुसत्या तारीखबदलाच्या आकारातून २०१९ या एका वर्षात सुमारे २८० कोटी डॉलर मिळविले. हा आकार नसला तर धंदा चालणार नाही असे तेथेही सांगत असत. २०२० साली साथीमुळे विमाने ओस पडली, तेव्हा ३० ऑगस्टला युनायटेडने देशांतर्गत प्रवासापुरता तो बहुतेक भाड्यांवरून काढून टाकला आणि दुसऱ्याच दिवशी डेल्टा व अमेरिकन या कंपन्या तिच्या मागोमाग गेल्या. सर्वांत स्वस्त वर्गाला मात्र ही सवलत त्यांनी दिली नाही.

त्याच साथीत आपल्याकडे उलटा प्रश्न आला. मार्च २०२० मध्ये उड्डाणे बंद झाली. न जाणारा उतारू नव्हता, न नेणारी कंपनी होती. तरी पैसे परत न देता पुढच्या प्रवासासाठी जमा धरण्याकडे कंपन्यांचा कल होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १ ऑक्टोबर २०२० च्या निकालाप्रमाणे, अडचणीतील कंपनीला ३१ मार्च २०२१ पर्यंत रक्कम जमा ठेवता आली, पण तिच्यावर आधी दरमहा अर्धा टक्का आणि जुलैपासून पाऊण टक्का वाढ द्यावी लागली. उतारूचा पैसा हे कंपनीच्या डोक्यावरचे देणे आहे, एवढे त्यात मान्य झाले.

एरवी करार एकतर्फीच चालतो. २०१६ साली ठरलेल्या नियमांप्रमाणे कंपनीने पुरेशी सूचना न देता उड्डाण रद्द केले तर उड्डाणाच्या वेळेप्रमाणे ५,००० ते १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे व इंधन अधिभार, यांत जे कमी असेल ते द्यावयाचे. आणि कारण हाताबाहेरचे असेल तर काहीच नाही. धुके हे हाताबाहेरचे कारण आहे हे आम्ही मानतो. आईचा मृत्यू कोणाच्या हातातला आहे? १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफची भरपाई आली तेव्हा, काम नसल्याचा तोटा मालक आणि कामगार यांनी निम्मानिम्मा सोसावा असे ठरले. खुर्ची खरोखरच रिकामी गेली असेल तर तीच वाटणी येथे का नसावी? आणि ती पुन्हा विकली गेली असेल तर कागदपत्रांचा खर्च कापून बाकी रक्कम परत का नसावी? कोणती खुर्ची पुन्हा विकली गेली हे कंपनीच्या यंत्राला क्षणात सांगता येते.

कायद्यात आधार नाही असे नाही. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम म्हणते की, करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी वाजवी भरपाईच मिळेल, लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर नुकसानाच्या मानाने अगदी अवास्तव असलेला दंड हे अन्याय्य कराराचे लक्षण ठरविले. पण अन्याय्य करार म्हणून तक्रार करावयाची तर जिल्हा आयोग चालत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. तीन हजारांसाठी चिपळूणचा गवंडी मुंबईस खेपा घालणार! तो एकटा जाणार नाही हे कंपनीला पक्के ठाऊक आहे. हे काम संघटनांचे आहे, आणि आजवर आम्ही ते केले नाही ही आमची चूक.

तोवर एक गोष्ट प्रत्येकाने करावी. भाडे बुडाले तरी तिकिटातील सरकारी कर आणि विमानतळाचे आकार परत द्यावेत, असा महासंचालनालयाचा नियम आहे, मग तिकीट कितीही सवलतीचे असो. २०१९ च्या उतारूंच्या सनदेने तिकीट घेतल्यापासून २४ तासांत, प्रवास सात दिवसांहून दूर असेल तर, ते फुकट रद्द करण्याची सोय दिली. २०२५ च्या नोव्हेंबरात हा अवधी ४८ तास करण्याचा मसुदा निघाला. आमच्या चार तिकिटांचे कर कंपनीने आपणहून दिले नाहीत. आम्ही नियमाचा हवाला देऊन दोन पत्रे लिहिली, तेव्हा दीड महिन्याने पैसे जमा झाले. खजिनदारांनी ते वहीत चढविले. उरलेली रक्कम कोणत्या सदराखाली टाकावी, हा प्रश्न मात्र त्यांना अजून सुटलेला नाही. प्रवासखर्च म्हणावे, तर प्रवास झालेला नाही.