अग्नि, तारे आणि काळी वाळू

प्रशांत महासागरांतील हवाई बेटाच्या सहलींत अग्नि, आकाश व समुद्र या तिहींचें दर्शन घडतें. किलाउएआ ज्वालामुखीच्या लाव्हानें २०१८ सालीं सुमारें ७०० घरें गिळलीं. पुनालुऊ किनाऱ्यावरील काळी वाळू ही अशाच, समुद्राच्या पाण्यानें निवून फुटलेल्या लाव्हाची.

मौना केआचा माथा ४२०० मीटरांहून उंच. तेथें हवा विरळ; म्हणून हृदयविकार असलेल्या वडीलधाऱ्यांनीं व तेरा वर्षांखालील मुलांनीं सुमारें २८०० मीटरांवरील विश्रामस्थानींच थांबावें. तारे तेथूनही लख्ख दिसतात. बेटाचा अक्षांश नाशिकच्या जवळचा. त्यामुळें ध्रुव नाशिकच्या गच्चीवरून दिसतो जवळजवळ तितक्याच उंचीवर तेथेंही दिसतो. आजोबांनीं घरीं ओळखून दिलेला तारा नातवास परदेशींही सांपडतो.

हा पर्वत मूळ रहिवाशांस पवित्र आहे. देवळांत जावें, तसेंच तेथें जावें.