मातीचा लाल आणि कारखान्यातला लाल

अमूर्त चित्रासमोर उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाच्या मनात पहिला प्रश्न येतो, तो ‘यात आहे काय?’ हा. झाड, माणूस, डोंगर असा ओळखीचा आकारच नसेल, तर चित्रात उरते काय? उरतो तो मुख्यतः रंग. पण रंग म्हणजे दोन निराळ्या गोष्टी असतात. एक, डोळ्यांना होणारी संवेदना. आणि दुसरी, कापडावर बसलेला प्रत्यक्ष पदार्थ. पहिलीचा विचार रंगसिद्धान्त करतो. दुसरीकडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते आणि त्याची किंमत कधीकधी चित्रालाच मोजावी लागते.

रंगसिद्धान्ताचा एक महत्त्वाचा धडा चित्रशाळेत नव्हे, तर विणकामाच्या कारखान्यात सापडला. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगकामाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे तक्रार आली, की काळ्या धाग्याचा रंग फिका पडतो. तपासणीअंती रंगात दोष नव्हता. शेजारच्या रंगांमुळे काळा निस्तेज दिसत होता. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांचे रूप बदलतात, हे तत्त्व त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. लाल हिरव्याशेजारी अधिक लाल दिसतो आणि करडा रंग लालाच्या सान्निध्यात किंचित हिरवट भासतो. पुढे जोसेफ आल्बर्स यांनी १९५० पासून चौकोनात चौकोन रंगवून याच तत्त्वाचा अथक अभ्यास केला. आकार जवळजवळ तोच ठेवायचा आणि रंग तेवढे बदलायचे, हा त्यांचा परिपाठ.

पण रंगाला देहही असतो. गेरू, पिवडी, कोकणातली काव हे सारे मूलतः लोहाच्या संयुगांनी रंगलेले मातीचे प्रकार. लोह आधीच प्राणवायूशी संयोग पावलेले असल्याने ऊन, हवा यांचा त्यांच्यावर सहसा परिणाम होत नाही. दक्षिण आफ्रिकेतील ब्लोम्बोस गुहेत सापडलेल्या दगडाच्या एका तुकड्यावर गेरूच्या काडीने ओढलेल्या आडव्यातिडव्या रेषा आहेत. सुमारे ७३ हजार वर्षांनंतरही त्यांचा लाल टिकून आहे. गोवा आणि कोकणातील देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यावर कावेचा थर देऊन तो कोरून काढलेली कावी चित्रेही याच टिकाऊपणाची साक्ष देतात.

याउलट घडले ते मार्क रॉथको यांच्या बाबतीत. हार्वर्ड विद्यापीठाच्या भोजनकक्षासाठी त्यांनी पाच भव्य चित्रे केली आणि ती १९६४ मध्ये तेथे लावण्यात आली. त्यांतील गडद किरमिजी पार्श्वभूमीसाठी त्यांनी ‘लिथॉल रेड’ हा कारखान्यात तयार होणारा रंग वापरला होता. कक्षाच्या मोठ्या खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात हा रंग उडत गेला. लाल विरला आणि त्याच्यात मिसळलेला निळा मागे राहिला. १९७९ पर्यंत ही चित्रे भिंतीवरून उतरवून ठेवणे भाग पडले.

एखाद्या व्यक्तिचित्राचा रंग फिकटला, तरी चेहरा उरतो. येथे रंग हाच आशय असल्याने रंगाबरोबर चित्राचा गाभाच हरवला. वरून नवा रंग द्यावा, तर मूळ चित्रावर कायमचा आघात. अखेर २०१४ मध्ये तज्ज्ञांनी निराळा मार्ग काढला. जुनी छायाचित्रे आणि न लावलेले सहावे चित्र यांच्या आधारे मूळ छटा निश्चित केल्या आणि जेवढा रंग हरवला, तेवढाच प्रकाश प्रक्षेपकाने चित्रावर टाकला. दिवा लागला, की चित्र पूर्वीसारखे. दिवा मालवला, की पुन्हा फिके. चित्राला हात न लावता केलेली ही दुरुस्ती आहे.

यावरून ‘नैसर्गिक ते टिकाऊ आणि कृत्रिम ते नाशिवंत’ असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. हळदीचा पिवळा पूर्णपणे नैसर्गिक, तरी तो उन्हात उडतो. उलट कारखान्यात बनणारे लोहरंग मातीतल्या रंगांइतकेच पक्के असतात. प्रश्न उगमाचा नाही, द्रव्याच्या रासायनिक स्थैर्याचा आहे.

द्रव्य ज्यात कालवले जाते, त्या माध्यमानेही छटा बदलते. कोरडी पूड तेलात भिजली, की गडद होते. ओली माती कोरडीपेक्षा काळपट दिसते, तसेच हे. पुडीचा तो मखमली झळाळ जपण्यासाठी इव्ह क्लाईन यांनी निळ्या रंगाला कृत्रिम राळेची जोड दिली. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांनी १९७९ नंतरच्या शिल्पांवर रंगाची कोरडी पूडच पसरली. वासुदेव गायतोंडे यांनी रोलर व पॅलेट नाइफ वापरून रंगाचे थर चढवले आणि खरवडले. त्यांच्या चित्रांतील उजेड खालच्या थरातून झिरपल्यासारखा वाटतो.

तेव्हा ‘यात आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रेक्षकाने आणखी दोन प्रश्न विचारून पाहावेत. हा रंग कोणाच्या शेजारी बसला आहे? आणि तो कशाचा बनला आहे? चित्रातले काही रंग उडालेले असू शकतात, हेही मनात असू द्यावे.