उजव्या घडणीची जप्ती

हैदराबादच्या मलकपेठेतील एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, अमिनो आम्ले प्रयोगशाळेत सिद्ध केली असता डाव्या व उजव्या अशा दोन्ही घडणींची निपजतात, तर मग प्रथिनांत केवळ डावीच का आढळावीत आणि एखादे उजवे चुकून शिरू पाहील तर त्याचा बंदोबस्त कोण करते. प्रश्नाचा पूर्वार्ध जीवसृष्टीच्या उगमाशी जाऊन भिडतो आणि तेथे मतभेदांना अंत नाही. उत्तरार्धाचे उत्तर मात्र मलकपेठेहून मुसी ओलांडून हबसीगुड्यास गेले असता, पुष्प मित्र भार्गव ह्यांच्या नेतृत्वाखाली १९७७ मध्ये आरंभलेल्या सीसीएमबी ह्या संस्थेतील राजन शंकरनारायणन ह्यांच्या प्रयोगशाळेत मिळते.

प्रथिन विणले जाण्यापूर्वी प्रत्येक अमिनो आम्ल वाहक आरएनएच्या टोकाला जोडले जाते, आणि जोडणारे विकर क्वचित उजवे टायरोसीनही जोडून बसते. अशी जोडणी तोडणारे निराळे विकर पेशीत आहे, हे रिचर्ड कॅलेंडर आणि पॉल बर्ग ह्यांनी १९६७ मध्येच दाखवून दिले होते. बर्ग ह्यांना १९८० चे नोबेल मिळाले ते डीएनएच्या संकरावरील कार्यासाठी, आणि त्या तेजात हा शोध, व त्याहूनही कॅलेंडर ह्यांचे नाव, झाकोळून गेले. 

हे विकर, म्हणजे डीटीडी, उजवे ओळखते कसे? शंकरनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये स्फटिकरचनेच्या आधारे व २०१६ मध्ये पुढील प्रयोगांनी जे दाखविले ते विलक्षण आहे: ते उजवे ओळखतच नाही, केवळ डावे नाकारते. निजामी अमलातील करोडगिरीच्या नाक्यावर एखाद्या शिपायास एवढाच हुकूम असावा की मोहोर दिसेल तो माल परत पाठवावा आणि बाकीचा सर्व आत घेऊन जप्त करावा, तसा हा कारभार आहे. दोन समरूप घटकांच्या ह्या विकरात एका घटकाची ग्लायसीन-प्रोलीनची जोडी दुसऱ्याच्या खोबणीत डोकावते आणि डाव्या आम्लाच्या बाहूस तेथे जागाच उरत नाही. पण ग्लायसीन हे आम्ल ना डावे ना उजवे. त्याच्यापाशी मोहोरच नाही, म्हणून ते निर्दोष असूनही आत ओढले जाते. ईएफ-टीयू हे प्रथिन त्याला आपल्या आश्रयास घेते म्हणूनच ते वाचते; डीटीडीचे प्रमाण थोडे जरी वाढले तरी हा आश्रय अपुरा पडतो, आणि ई. कोलाय जीवाणूंत ते फार वाढविले असता होणारी विषबाधा ग्लायसीन पुरविल्यावर बव्हंशी ओसरते. त्याहूनही नवल असे की तोडण्याची क्रिया घडविणारा हायड्रॉक्सिल गट विकराचा नसून वाहक आरएनएच्याच टोकाचा असतो, आणि विकराच्या बाजूच्या शाखांचा तीत सहभाग नसतो.

२०२१ मध्ये ह्याच प्रयोगशाळेने वनस्पतींतील डीटीडी-२ विषयी जे प्रसिद्ध केले त्याने ह्या कथेची व्याप्ती फारच वाढली. प्राणवायूच्या अभावी वनस्पतीत ॲसिटाल्डिहाइड साचते आणि ते वाहक आरएनएवरील अमिनो आम्लावर इथिल गट चिकटविते. डाव्या आम्लास ईएफ-टीयूचे संरक्षण असते, उजव्यास नसते, आणि असा विकृत झालेला उजवा जोड तोडण्याचे काम डीटीडी-२ करते. हे विकर काढून टाकलेली रोपे अल्कोहोल व ॲसिटाल्डिहाइड ह्यांना अतिशय संवेदनशील ठरतात. त्याचे जनुक मिथेन निर्मिणाऱ्या आर्किआ नामक सूक्ष्मजीवांकडून भूवनस्पतींच्या पूर्वजाकडे आले, आणि सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी वनस्पती जमिनीवर आल्या त्या घटनेत त्याचा हातभार असावा, असे संशोधकांना वाटते. भूवनस्पतींच्या निकटच्या कॅरोफाइट शैवालांत ते आहे, शैवालांच्या अन्य शाखांत नाही.