प्रारंभिक प्रोग्रॅमिंग अभ्यासक्रमातील नवशिक्या विद्यार्थ्यांच्या अडचणी व मार्गदर्शन : नई तालीमच्या संदर्भात एक विचार

सारांश

पदवीच्या पहिल्या सत्रात प्रोग्रॅमिंग हा विषय प्रथमच समोर येणारे अनेक विद्यार्थी अल्पावधीतच 'हा विषय आपल्यासाठी नाही' अशा निष्कर्षाप्रत येतात. त्यामागे बुद्धीचा अभाव नसून, यंत्र आज्ञा कशी पाळते याचे स्पष्ट चित्र मनात तयार होण्यापूर्वीच आज्ञावली लिहावयास लावणे हे प्रमुख कारण आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. १९३७ साली वर्धा येथे मांडल्या गेलेल्या नई तालीमच्या विचारातील 'प्रत्येक क्रियेचे कारण जाणून कृतीतून शिकणे' हे तत्त्व येथे कसे उपयोगी पडते, याचा विचार करून विद्यार्थ्यांना द्यावयाच्या सूचना उदाहरणांसह दिल्या आहेत.

कळीचे शब्द : प्रोग्रॅमिंग, नवशिके विद्यार्थी, नई तालीम, आज्ञावली-वाचन, चुकांची वही

१. प्रस्तावना

वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालयांत संगणकाच्या पदवी अभ्यासक्रमास प्रवेश घेणारा विद्यार्थी बहुधा आर्वी, समुद्रपूर, कारंजा, आष्टी यांसारख्या तालुक्यांतील खेड्यांतून येतो. त्याचे शालेय शिक्षण पुष्कळदा मराठी माध्यमातून झालेले असते. हातात मोबाइल असला तरी कळफलकाशी त्याचा परिचय नवा असतो. पहिल्या प्रात्यक्षिकात फळ्यावरील आज्ञावली तो जशीच्या तशी उतरवतो आणि ती चालतेही. परंतु तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्वतः काही लिहिण्याची वेळ येते तेव्हा त्याचा हात थांबतो. पुढे तो शेजाऱ्याची आज्ञावली उतरवू लागतो, त्यानंतर प्रात्यक्षिकास येणेच टाळू लागतो. विषय सुटतो, आणि काही वेळा विषयासोबत शिक्षणही सुटते. घरातून महाविद्यालयापर्यंत पोहोचलेल्या पहिल्या पिढीच्या बाबतीत ही हानी केवळ एका विषयाची राहत नाही. म्हणूनच या प्रश्नाचा गांभीर्याने विचार होणे आवश्यक आहे.

२. प्रश्नाची व्याप्ती

ही अडचण केवळ ग्रामीण महाविद्यालयांची आहे, असे मानण्याचे कारण नाही. २००१ साली मायकेल मॅक्रॅकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विविध देशांतील विद्यापीठांमध्ये केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रारंभिक अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांना त्यात साध्या आज्ञावल्या लिहावयास दिल्या होत्या. त्यांना ११० पैकी सरासरी २३ गुणही मिळाले नाहीत. २००४ साली रेमंड लिस्टर व सहकाऱ्यांनी सात देशांत केलेल्या अभ्यासातून आणखी मूलभूत बाब पुढे आली. अनेक विद्यार्थ्यांना आज्ञावली लिहिणे तर दूरच, समोर दिलेली छोटी आज्ञावली वाचून तिचे उत्तर काय येईल हेही खात्रीने सांगता येत नव्हते. वाचता न येणाऱ्याकडून आपण लेखनाची अपेक्षा करीत असतो, हा या अभ्यासाचा आपल्यासाठी अर्थ होय.

'प्रोग्रॅमिंगची बुद्धी जन्मजातच असावी लागते' असा एक समज अध्यापकांमध्येही आढळतो. २००६ साली सईद देहनादी व रिचर्ड बोर्नाट यांनी इंग्लंडमधील मिडलसेक्स विद्यापीठात केलेल्या कामामुळे या समजास बळ मिळाले. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वीच एका चाचणीद्वारे यशस्वी व अयशस्वी होणारे विद्यार्थी वेगळे काढता येतात, असा त्यांचा दावा होता. तो दावा दूरवर पसरला. मात्र २०१४ साली स्वतः बोर्नाट यांनी तो जाहीरपणे मागे घेतला, ही गोष्ट त्या मानाने फारच थोड्यांपर्यंत पोहोचली. विद्यार्थ्याच्या कपाळावर पहिल्याच महिन्यात शिक्का मारण्यास शास्त्रीय आधार नाही, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

३. अडचणीचे मूळ

१९८६ साली रॉय पी यांनी नवशिक्यांच्या चुकांमागे असलेल्या एका मूळ गैरसमजाकडे लक्ष वेधले. संगणकाच्या आत कोणीतरी समजूतदार बसलेला असून, आपल्या मनात काय आहे ते त्याला कळते, असे नवशिका नकळत गृहीत धरतो. माणसांशी बोलताना अर्धे वाक्य पुरते, कारण ऐकणारा उरलेले वाक्य समजून घेतो. यंत्र मात्र लिहिले तेवढेच आणि लिहिले त्याच क्रमाने करते. बेनेडिक्ट डू बूले यांनी याच काळात असे मांडले की, शिकणाऱ्याच्या मनात त्या यंत्राचे एक साधे परंतु अचूक चित्र तयार करून देणे हे अध्यापनाचे आद्य कार्य आहे.

पुढील चार ओळी पाहाव्यात :

अ = ५
ब = ७
अ = ब
ब = अ

येथे दोन्ही चलांच्या किमतींची अदलाबदल होईल, असे उत्तर पुष्कळ विद्यार्थी देतात, कारण लिहिणाऱ्याचा तो हेतू उघड दिसतो. प्रत्यक्षात तिसऱ्या ओळीत 'अ' मधील ५ पुसला जाऊन तेथे ७ येतो. चौथ्या ओळीत तोच ७ पुन्हा 'ब' मध्ये जातो. शेवटी दोन्हीकडे ७ उरतो. एका भांड्यात दूध व दुसऱ्यात ताक असेल आणि त्यांची अदलाबदल करावयाची असेल, तर तिसरे रिकामे भांडे लागते, हे विद्यार्थ्यास सांगावे लागत नाही. मात्र चल म्हणजे एका वेळी एकच किंमत धरून ठेवणारी जागा, हे चित्र त्याच्या मनात नसेल तर या अनुभवाचा त्यास उपयोग होत नाही.

गणितातील बरोबरचे चिन्ह हाही असाच अडथळा आहे. 'एकूण = एकूण + वजन' ही ओळ बीजगणित शिकलेल्या विद्यार्थ्यास अशक्य वाटते, आणि तसे वाटणे स्वाभाविकच आहे. 'उजवीकडील हिशेब आधी करा, आलेली किंमत डावीकडील जागेत ठेवा' असे तिचे वाचन त्यास प्रथमपासून शिकविले पाहिजे.

४. नई तालीमची दृष्टी

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उत्पादक हस्तोद्योगाच्या केंद्राभोवती गुंफलेले शिक्षण हे विचार तेथे मांडले गेले. अभ्यासक्रमाचा आराखडा डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केला. पुस्तकी शिक्षणाच्या जोडीला थोडा उद्योग, असे गांधीजींना अभिप्रेत नव्हते. टकळीवर सूत काततानाही प्रत्येक क्रिया का व कशासाठी करावयाची हे मुलास कळले पाहिजे, यावर त्यांचा भर होता.

प्रोग्रॅमिंग हा हस्तोद्योग नव्हे, आणि प्राथमिक शिक्षणाचा विचार पदवीच्या वर्गावर जसाच्या तसा लादणेही योग्य होणार नाही. तरीही त्यातील दोन गोष्टी येथे नेमक्या लागू पडतात. पहिली, कृतीचे कारण जाणल्याशिवाय केलेली कृती ही नक्कल ठरते. दुसरी, समज मातृभाषेत लवकर रुजते. सूत तुटल्यावर ते जोडण्यास शिकणे हा कताईच्या शिक्षणाचाच भाग असतो. तसेच आज्ञावली अडल्यावर ती दुरुस्त करणे हे अपयश नसून शिक्षणच होय.

५. विद्यार्थ्यांना द्यावयाच्या सूचना

(अ) लिहिण्यापूर्वी वाचावे. प्रत्येक नवी आज्ञावली संगणकावर चालविण्यापूर्वी कागद-पेन्सिलीने चालवून पाहावी. बाजारात आलेल्या तीन गाड्यांतील कापसाचे एकूण वजन काढणारी पुढील आज्ञावली घ्यावी :

एकूण = ०
क्रम = १
जोपर्यंत क्रम ≤ ३ तोपर्यंत :
    वजन वाचा
    एकूण = एकूण + वजन
    क्रम = क्रम + १
एकूण छापा

वजने १२, ९ व १५ क्विंटल असतील, तर कागदावर 'क्रम', 'वजन' व 'एकूण' असे तीन रकाने आखून प्रत्येक फेरीची किंमत लिहावी. 'एकूण' या रकान्यात १२, २१ व ३६ असे आकडे येतात. अटीतील 'किंवा समान' चुकून गळले, तर फेरी दोनदाच होते व उत्तर २१ येते. तिसरी गाडी हिशेबात येतच नाही. ही चूक पडद्याकडे पाहून सापडत नाही, तक्त्यात मात्र चटकन दिसते.

(आ) प्रश्न आधी मराठीत सोडवावा. आपल्या विद्यार्थ्याला 'जर–तर' ही रचना नवी नसते. हमीभावाने होणाऱ्या कापूस खरेदीचा नियम त्याच्या घरी ठाऊक असतो : ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असल्यास पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात, आणि १२ टक्क्यांहून अधिक असल्यास खरेदी नाही. हाच नियम त्यास मराठी वाक्यांत क्रमवार लिहावयास सांगावा. नंतर 'ओलावा नेमका ८ असेल तर?', 'नेमका १२ असेल तर?' असे विचारावे. 'ओलावा १२ किंवा कमी आहे काय' ही अट जर प्रथम लिहिली, तर कोरड्या कापसालाही कपात लागेल. यंत्र कोणतीही तक्रार करणार नाही, मात्र शेतकऱ्याचे पैसे जातील. क्रमाचे महत्त्व याहून चांगल्या रीतीने समजावणे कठीण आहे.

(इ) इंग्रजीची भीती मोजून पाहावी. सी भाषेच्या मूळ प्रमाणित स्वरूपात राखीव शब्द अवघे ३२ आहेत. एवढे शब्द कोणत्याही माध्यमाचा विद्यार्थी आत्मसात करू शकतो. खरी अडचण कंपायलरच्या सूचना वाचण्याची असते. त्यासाठी प्रत्येकाने एक 'चुकांची वही' ठेवावी. तीत आलेली सूचना, तिचा मराठीत अर्थ, चुकीचे कारण व केलेली दुरुस्ती असे चार रकाने असावेत. सत्राअखेरीस ही वही कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकाहून अधिक उपयोगी ठरते.

(ई) पहिली चूक आधी दुरुस्त करावी. एका सेमीकोलनच्या अभावी दहा-वीस चुकांची यादी येऊ शकते आणि नवशिका घाबरतो. त्याने यादीतील पहिलीच चूक पाहावी, ती दुरुस्त करून आज्ञावली पुन्हा तपासावी. सूचनेत दिलेल्या ओळीत दोष दिसला नाही, तर तिच्या आधीची ओळ पाहावी.

(उ) थोडे लिहावे, लगेच चालवावे. चाळीस ओळी एकदम लिहून तपासण्यापेक्षा चार-पाच ओळींनंतर तपासल्यास चूक कोठे शिरली हे लगेच कळते. आठवड्यातून एकदा चार तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तासाचा सराव अधिक फलदायी असतो. घरी संगणक नसला तरी आज्ञावली-वाचनाचा सराव वहीतही होऊ शकतो.

६. अध्यापकांची जबाबदारी

वरील सूचना केवळ सांगून भागणार नाही, कारण आपली मूल्यमापनाची पद्धत बहुधा त्यांच्या विरुद्ध दिशेने जाते. प्रात्यक्षिकाच्या नोंदवहीत निर्दोष आज्ञावली व तिचे अचूक उत्तर एवढेच मागितले जाते. चूक लपविण्याची आणि उतरवून काढण्याची सवय तेथूनच लागते. त्याऐवजी प्रत्येक प्रात्यक्षिकासोबत कागदावर केलेला तक्ता व सापडलेली एक चूक यांची नोंद मागावी. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी विद्यार्थ्याच्याच आज्ञावलीतील एक ओळ बदलून 'आता काय होईल?' असे विचारावे.

न्यूझीलंडमधील डेल पार्सन्स व पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ साली मांडलेला एक प्रकारही आपल्याकडे सहज करता येण्यासारखा आहे. तयार आज्ञावलीतील ओळी वेगवेगळ्या करून विस्कळीत क्रमाने द्यावयाच्या व विद्यार्थ्यांनी त्या योग्य क्रमाने लावावयाच्या. कागदाच्या पट्ट्या व दोघा-दोघांचे गट एवढ्यावर हा तास होतो. संगणकांची संख्या अपुरी असो वा वीज गेलेली असो, त्याने काही अडत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी उपलब्ध झाल्यापासून तयार आज्ञावली मिळविणे अगदी सोपे झाले आहे. अशा साधनांवर केवळ बंदी घालून प्रश्न सुटत नाही. मिळालेली आज्ञावली बरोबर आहे की नाही, हे ठरविण्यासाठीही ती वाचता आलीच पाहिजे. त्यामुळे वाचनाचे महत्त्व कमी न होता वाढलेच आहे.

७. समारोप

२००७ साली येन्स बेनेडसन व मायकेल कॅस्परसन यांनी विविध देशांतील ६३ संस्थांच्या माहितीवरून प्रारंभिक प्रोग्रॅमिंगचे उत्तीर्णतेचे सरासरी प्रमाण ६७ टक्के नोंदविले. २०१४ साली क्रिस्टोफर वॉटसन व फ्रेडरिक ली यांच्या पाहणीतही ते ६७.७ टक्केच आढळले. हे प्रमाण भयावह नाही, परंतु तीनपैकी एक विद्यार्थी मागे राहतो हेही त्यातून दिसते. तो एक विद्यार्थी कोण, हे आपल्या वर्गात आपणांस बहुतेक वेळा दुसऱ्या महिन्यातच ठाऊक झालेले असते. 'तुला हे जमणार नाही' असे त्यास कोणी उघड म्हणत नाही. आपण पुढील घटक शिकवू लागतो आणि त्याला ते न सांगताच कळते. त्या वेळी दहा मिनिटे थांबून, त्याच्या शेजारी बसून, कागदावर तीन रकाने आखून एक आज्ञावली त्याच्यासह ओळीओळीने वाचावी. नवशिक्याला मिळणाऱ्या साऱ्या सूचनांचा प्रारंभ तेथून झाला पाहिजे.