चावी पुरती भरली, तरी घड्याळ का थांबते?

चावीचे मनगटी घड्याळ बंद पडले की दोष बहुधा चावी देणाऱ्याच्या बोटांवर येतो आणि ‘चावी जास्त झाली, म्हणून घड्याळ अडकले’ असा निकाल घरच्या घरीच लागतो. हा समज फार जुना असला तरी तो बरोबर नाही. चावी शेवटी घट्ट होते ती आतली मुख्य कमान, म्हणजे मेन स्प्रिंग, पुरती गुंडाळली गेल्यामुळे, आणि निरोगी घड्याळ याच अवस्थेत सर्वांत जोमाने चालते. त्यामुळे पूर्ण चावी भरूनही काटे हलत नसतील तर शक्ती जास्त झाली असे नव्हे, तर ती वाटेत कुठेतरी अडली आहे, असे समजावे. अडण्याची ती जागा शोधणे म्हणजेच दुरुस्तीचे निम्मे काम होय.

फलटण आणि परिसरातील घरांच्या कपाटांत आजही जी जुनी घड्याळे निघतात, त्यांत एचएमटीचा भरणा मोठा असतो. 1953 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरात मनगटी घड्याळे बनवण्यास सुरुवात केली. पुढे ‘जनता’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’ ही नावे घरोघरी पोहोचली, आणि लग्नात जावयाला किंवा निवृत्तीच्या निरोप समारंभात गुरुजींना घड्याळ देण्याची रीत याच घड्याळांनी पक्की केली. क्वार्ट्झ घड्याळांपुढे हा व्यवसाय टिकला नाही आणि 2016 मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. तथापि घड्याळे लोकांकडे राहिली, आणि ती चालू करून घेण्याची हौस अलीकडे पुन्हा वाढलेली दिसते.

अशा घड्याळातील शक्तीचा मार्ग सरळ आहे. चावी फिरवली की तिच्या दांड्यावरील दाते एका दातेरी चाकामार्फत पिंपासारख्या डबीतील मुख्य कमान गुंडाळतात, आणि ‘क्लिक’ नावाची लहानशी खिटी ते चाक मागे फिरू देत नाही. कमान सावकाश उलगडताना डबी फिरते, डबी चाकांच्या साखळीला फिरवते, त्या साखळीतील एक चाक तासाला एक आणि दुसरे मिनिटाला एक फेरा पूर्ण करते, आणि सर्वांत शेवटी असलेले एस्केप व्हील पॅलेट या काट्याच्या आकाराच्या तुकड्याला आळीपाळीने ढकलते. पॅलेट तो धक्का बॅलन्स व्हीलला देतो आणि केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग त्या चाकाला पुन्हा माघारी ओढते. ऐकू येणारी टिकटिक ही एस्केप व्हील आणि पॅलेट यांच्या टकरीची. एचएमटीच्या सर्वसाधारण यंत्रात तासाला 18,000 ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला 5 आणि दिवसाला 4,32,000; एवढ्या हालचालीत एखाद्या कणाने किंवा चिकटलेल्या तेलाने अडथळा आणला तर नवल नाही.

परीक्षेची सुरुवात चावीपासूनच करावी, कारण ती बोटांना पुष्कळ सांगते. हाताने चावी देण्याच्या घड्याळात चावी कितीही फिरवली तरी घट्ट होत नसेल, तर कमान तुटलेली असते किंवा तिचे टोक आतल्या आकड्यावरून निसटलेले असते. बोट सोडताच चावी उलटी फिरत असेल तर क्लिक किंवा तिची स्प्रिंग निकामी झालेली असते. आपोआप चावी भरणाऱ्या ऑटोमॅटिक घड्याळाला मात्र हा नियम लागू नाही, कारण त्यातील कमान पूर्ण भरल्यावर डबीच्या आत मुद्दामच घसरू दिलेली असते. चावी नीट घट्ट झाली असूनही घड्याळ गप्प असेल, तर ती पूर्णपणे आत दाबली गेली आहे ना हे आधी पाहावे. काही यंत्रांत चावी बाहेर ओढलेली असताना सेकंदकाटा मुद्दामच थांबवलेला असतो. टिकटिक चालू असून काटे जागचे हलत नसतील, तर काटे फिरवणारी नळी सैल झालेली असते, आणि हा दोष वेगळा व त्या मानाने सोपा आहे.

सर्वाधिक आढळणारी तक्रार मात्र निराळीच असते: हलवले की घड्याळ अर्धा-एक मिनिट चालते आणि पुन्हा थांबते. येथे बहुतेक वेळा तेलाचा दोष असतो. सतरा ज्वेल्स म्हणून मिरवणारे यंत्रातील कृत्रिम माणिक दागिन्याच्या मोलाचे नसतात. त्यांच्या खोलगट जागेत तेलाचा थेंब टिकून राहतो आणि चाकाचा आस त्यात कमी घर्षणाने फिरतो, एवढेच त्यांचे काम. वर्षानुवर्षे उघडले न गेलेल्या घड्याळात हे तेल आटते, घट्ट होते आणि धूळ धरते. फलटण, माण, खटाव या पर्जन्यछायेच्या तालुक्यांत उन्हाळ्याचा ताप आणि मोकळ्या रानातील धूळ यांमुळे, विशेषतः काचेची वा मागच्या झाकणाची कड सैल असल्यास, हे लवकर घडते. अशा यंत्रात बॅलन्स चाक हिंदोळत असले तरी त्याचा झोका लहान होतो. पूर्ण चावीवर पाऊण फेऱ्याच्या आसपास, म्हणजे सुमारे 270 अंश, झोका मिळाला तर यंत्र सुदृढ मानतात.

कुशल घड्याळजी झाकण उघडल्यावर बॅलन्स काढून पॅलेटला बारीक टोकाने किंचित हलवतो. पॅलेट एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चटकन उडी मारत असेल, तर शक्ती तिथवर पोहोचते आणि दोष बॅलन्स किंवा हेअरस्प्रिंगमध्ये आहे. तो मरगळून पडून राहिला, तर अडथळा चाकांच्या साखळीत किंवा त्याही अलीकडे आहे. या एका परीक्षेने तासभराचा अंदाजपंचे उद्योग वाचतो. पॅलेट काढण्यापूर्वी कमानीचा ताण सोडून द्यावा लागतो, अन्यथा चाके सुसाट फिरून दाते मोडतात; घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसणाऱ्यांचे नुकसान बहुधा याच पायरीवर होते. घड्याळ हातून पडले असेल तर बॅलन्सच्या आसाचे केसाएवढे टोक मोडल्याची शक्यता पहिली धरावी, जरी ‘पॅरा-शॉक’ ही धक्का झेलणारी व्यवस्था पुष्कळ एचएमटींमध्ये असली तरी. ठराविक वेळीच थांबणाऱ्या घड्याळात एक काटा दुसऱ्यात किंवा काचेत अडकत असतो, आणि नव्याने रंगवलेल्या तबकडीवर जुळणी न पाहता काटे बसवून विकल्या जाणाऱ्या ‘जुन्या’ घड्याळांत हा दोष विशेष आढळतो. घड्याळ एकाएकी तासाला कित्येक मिनिटे पुढे धावू लागले, तर स्पीकर वा अन्य चुंबकाजवळ राहून हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटलेले असू शकतात. चुंबकत्व उतरवणाऱ्या यंत्राने ते काही क्षणांत सुटतात.

तेलाचा दोष निघाला तर वरून थेंबभर तेल सोडून घेणे हा उपाय नव्हे, कारण नवे तेल जुन्या मळात मिसळून गुंता वाढवते. यंत्र संपूर्ण सुटे करून, धुऊन, ठराविक जागीच तेल देऊन ते पुन्हा जोडले पाहिजे, आणि वापरात असलेल्या घड्याळाची अशी साफसफाई चार-पाच वर्षांनी एकदा करून घ्यावी. घड्याळ दुरुस्तीला देताना ‘बंद आहे’ एवढेच न सांगता चावी घट्ट होते की नाही, हलवल्यावर चालते का, कोणत्या वेळी थांबते आणि ते कधी पडले होते का, हे घड्याळजीला अवश्य सांगावे.