मोटारसायकलची मूठ : मऊपणापेक्षा माप महत्त्वाचे

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर, हेदवी या गावांकडे जाणारे रस्ते चढउतारांचे आणि वळणावळणांचे आहेत. अशा रस्त्यांवर मोटारसायकलस्वाराच्या हातांना क्षणाचीही उसंत नसते. लांबच्या प्रवासानंतर तळहाताला मुंग्या येणे, बोटे बधिर होणे हा अनुभव त्यामुळे अनेकांच्या परिचयाचा आहे. त्यावर उपाय म्हणून हँडलच्या मुठी बदलल्या जातात. मात्र दुकानात दाबून पाहिल्यावर जी मऊ लागते तीच सुखाची, हा समज फसवा आहे.

एका सिलिंडरच्या इंजिनाचा कंप हँडलमधून थेट हातात उतरतो. मूठ जितकी घट्ट आवळावी, तितका तो अधिक पोहोचतो. जाड मूठ कंप काहीसा शोषते. पण ती पंजाला मोठी झाली तर पकड टिकविण्यासाठी अधिक जोर लागतो आणि मनगट ते कोपर हा भाग लवकर थकतो. मूठ धरल्यावर बोटांची टोके अंगठ्याच्या बुंध्याजवळ सहज पोहोचावीत, ही साधी कसोटी पुरेशी आहे. मूळ मुठीवरच फोमचे आवरण चढविल्यास जाडी वाढते, शिवाय ते आवरण हातात फिरू शकते.

सागरकिनाऱ्यावर आणखी एक विचार करावा लागतो. फोम मऊ असला तरी पावसाचे पाणी, घाम आणि खारा दमटपणा धरून ठेवतो. त्यामुळे येथे खोल नक्षीची, मध्यम मऊ रबराची मूठ अधिक सोयीची ठरते.

बहुतेक मोटारसायकलींच्या हँडलच्या नळीचा व्यास सुमारे २२ मिलिमीटर असतो. उजव्या बाजूस ॲक्सिलरेटरची फिरती नळी असल्याने त्या मुठीचे भोक मोठे असते. म्हणून मुठींची जोडी गाडीचे मॉडेल सांगूनच घ्यावी. हँडलच्या टोकांची वजने कंप कमी करण्यासाठीच असतात. ती काढून टाकू नयेत.

मूठ बसविताना तेल किंवा ग्रीस लावू नये. मुठीसाठीचा डिंक वापरावा आणि तो पूर्ण सुकल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. उजवी मूठ आतल्या बाजूस घासत नाही ना, हे तपासणे सर्वांत महत्त्वाचे. इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण पिळावा आणि सोडावा. तो तत्काळ मूळ जागी यायला हवा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही हीच परीक्षा घ्यावी. उतारावरच्या वळणावर अडकलेला ॲक्सिलरेटर जिवावर बेतू शकतो.

नव्या मुठीनंतरही बधिरपणा राहिला तर क्लच-ब्रेकच्या दांड्यांचा कोन तपासावा. मनगट वाकलेले राहिल्यास नसांवर दाब येतो. गाडीवरून उतरल्यानंतरही बधिरपणा टिकत असेल, तर मात्र मेकॅनिककडे नव्हे, डॉक्टरकडे जाणेच शहाणपणाचे.